चित्रशाळेंतून बागेंत

सन १८६१ मध्यें गर्ट्रूड जेकिल ही सतरा वर्षांची मुलगी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेंत दाखल झाली, ती बागा रचण्यास शिकावें म्हणून नव्हे, तर चित्रकलेसाठीं. टर्नरच्या चित्रांच्या प्रतिकृति करतां करतां रंगांची संगति तिच्या अंगवळणी पडली. पुढें दृष्टि अधू होत गेली आणि १८९१ मध्यें नेत्रवैद्याच्या सल्ल्यावरून कुंचला व कशिद्याची सुई दोन्ही खालीं ठेवणें भाग पडलें. मग त्या विद्येचें व्हावें काय?

सरे परगण्यांतील मन्स्टेड वुड येथें बाईंनीं दोनशें फूट लांब व चौदा फूट रुंद असा ताटवा केला. दोन्ही टोकांस राखी पानें आणि फिकीं फुलें; तेथून पिवळा, नारिंगी असें चढत जाऊन मधोमध तांबड्या रंगाचा जणूं वणवाच! अधू डोळ्यांना असला भव्य पटच मानवला असावा.

त्यांचें घर १८९६-९७ मध्यें एडविन लट्यन्स यांनीं बांधलें, तेच पुढें नव्या दिल्लीमुळें आपल्याकडे परिचित झालेले वास्तुशिल्पी. दगड त्याच भागांतला, ओकचें लाकूडहि शेजारचें. समरसेटमधील हेस्टरकूमची बाग या दोघांनीं १९०४ ते १९०८ या काळांत रचली. तेथील भिंतींचा दगड वाड्यामागच्या खाणींतून निघाला, तर घडीव कामाला त्याच परगण्यांतील हॅम हिलचा पिवळसर दगड लागला. भिंतींच्या सांध्यांत बाईंनीं रोपें खोंचलीं.

बाई १९३२ मध्यें वारल्या. हेस्टरकूमची पुढें आबाळ झाली. लागवड नाहींशी झाली, भिंती मात्र खिळखिळ्या होऊनहि उभ्या होत्या. १९७० नंतरच्या दशकांत जीर्णोद्धार निघाला, तेव्हां बाईंचे लागवडीचे नकाशे माळ्याच्या खोपटांत सांपडले, आणि त्यांवरून तीं फुलें पुन्हां त्याच दगडांशेजारीं लाविलीं गेलीं.