वडगावचा तह : दोन भोळेपणांची गोष्ट

उधारी मागणाऱ्यास ‘विश्वास पानिपतात गेला’ असे ऐकविण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. विश्वासराव 14 जानेवारी 1761 रोजी तेथे पडले, हे अक्षरशः खरे. एका वीराचे नाव आपण शब्दशः घेतो आणि हसतो. पण विश्वास खरोखरच तेथे संपला असता, तर अठरा वर्षांनी आपल्या मावळात जे घडले ते घडतेच ना.

परंदवडी, तळेगाव, वडगाव हा मुलूख आपल्या पायाखालचा. 1778 च्या नोव्हेंबरात राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज निघाली. शिपाई सुमारे 3,900, आणि सामान वाहणारे बैल 19,000! घाट चढताच मराठे सरदार दादांस येऊन मिळतील, अशी त्यांची समजूत होती. मिळाले काय, तर कार्ल्यास 4 जानेवारी 1779 रोजी कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांचा ‘इष्टूर फाकडा’, मारला गेला. आणि 9 तारखेस तळेगाव गाठले तो गाव जाळलेला, दाणावैरण नाही. मोठा सरदार एकही फिरकला नाही. अखेर जड तोफा तळ्यात ढकलून फौज रात्रीच मागे वळली आणि वडगावी कोंडली गेली. हा पहिला भोळेपणा.

आता दुसरा पाहू. तहाची बोलणी लागताच इंग्रज वकील म्हणाला, वरिष्ठ सरकारच्या संमतीवाचून तह करण्याचा आम्हांस अधिकार नाही. महादजी शिंद्यांनी विचारले, मग अप्टनने केलेला पुरंदरचा तह मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? उत्तर बिनतोड होते. परंतु वकिलाचे ते वाक्य अक्षरशः घ्यावयाचे होते, ते मात्र कोणी घेतले नाही! साष्टीसह 1773 पासून घेतलेला मुलूख परत करण्याचे आणि बंगालहून येणारी फौज माघारी धाडण्याचे इंग्रजांनी कबूल केले. दोन ओलीस ठेवून घेऊन मराठ्यांनी फौज सोडली. घाट उतरताच इंग्रजांनी बंगालच्या फौजेस दिलेला परतीचा हुकूम स्थगित केला. पुढे मुंबई व कलकत्ता या दोन्ही सरकारांनी तहच नाकारला. साष्टी कागदावर परत आली होती; 1782 च्या सालबाईच्या तहाने ती इंग्रजांकडेच राहिली.

म्हणून महादजींस भोळे ठरवून आपण मोकळे होऊ नये. शत्रू शरण आला असता त्यास जिवंत जाऊ देणे हा मोठेपणाच होता. चूक झाली ती एवढीच, की दिलेला शब्द मोडल्यास देणाऱ्याचे काय जाईल, याचा हिशेब कच्चा राहिला. वडगावी कोंडलेल्या इंग्रजास शब्दाची गरज होती. पनवेलीस पोहोचलेल्यास ती उरली नाही. विश्वास टाकून राज्ये चालत नाहीत, संसारही चालत नाहीत. मात्र शब्द घेताना तो घाटाखालीही टिकेल काय, एवढे विचारून घ्यावे.