यमुनेचं पाणी आणि दिल्लीची कावीळ

पानिपतहून बोलतोय म्हटल्यावर तुम्ही भाऊसाहेब आणि विश्वासरावांचीच वाट पाहत असणार. काला आंबला आपण पुष्कळ फिरलोय. आज पानिपतच्या अंगाने वाहणाऱ्या यमुनेबरोबर खाली दिल्लीला जाऊ. साल १९५५.

त्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरताना नदीचं पात्र सरकलं. नजफगड नाला खरं तर वजिराबादच्या उपसा केंद्राच्या खालच्या बाजूला नदीला मिळतो, पण नोव्हेंबरात त्याचं सांडपाणी उलटं वर चढून थेट उपशापर्यंत आलं. तिथल्या लोकांना ते कळलं. त्यांनी क्लोरीन वाढवला, तुरटी वाढवली. टायफॉइडची साथ आली नाही. संकट टळलं, असंच कुणालाही वाटलं असतं.

डिसेंबरात दिल्ली पिवळी पडू लागली. इस्पितळात आलेले तेवढे मोजून भागणार नव्हतं, कारण काविळीचा माणूस बहुधा घरीच पडून राहतो. म्हणून नमुन्यादाखल घरं निवडून चौकशी झाली. डॉ. विश्वनाथन यांच्या अभ्यासात काविळीच्या रुग्णांचा अंदाज निघाला २९,३००. आजारी पडल्याच्या तारखांवरून पाच-सहा आठवडे मागे मोजलं, की बोट नोव्हेंबरातल्या त्याच दिवसांवर पडत होतं.

फौजेत आम्हाला पाणी तपासायला हॉरॉक्स टेस्ट शिकवली होती. सहा पांढरे कप, ब्लीचिंग पावडर, कपात निळा रंग आला की डोस ठरला. त्या निळ्या रंगावर आमचा पूर्ण भरवसा. दिल्लीची हकीकत मी पुढे वाचली आणि जरा हादरलोच. पाण्यातले जिवाणू मेले होते, विषाणू मात्र जिवंत राहून नळातून घराघरात गेला होता.

तो विषाणू कोणता? त्या काळी ही नेहमीची संसर्गजन्य कावीळ समजली गेली, जिला पुढे ‘हेपॅटायटिस ए’ म्हणू लागले. पण ती आपल्याकडे लहानपणीच होऊन जाते. इथे तर तरुण माणसं आजारी पडली, आणि गरोदर बायका जास्त दगावल्या. नशीब असं, की त्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने कुणीतरी जपून ठेवले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते तपासले. १९७८-७९ च्या पुण्यातल्या साथीचे नमुनेही सोबत होते. १९८० साली निकाल छापून आला: ‘ए’ नाही, ‘बी’ही नाही.

पुढचा धागा पुन्हा फौजेचाच. अफगाणिस्तानात सोविएत सैनिकांना कावीळ झाली होती. मॉस्कोचे शास्त्रज्ञ बालायान यांनी त्या सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला. असला हुकूम कुठला कमांडर देणार नाही. त्यांचा शोध १९८३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्या विषाणूला पुढे ‘हेपॅटायटिस ई’ हे नाव मिळालं. अर्क प्यायल्यानंतर ३६ व्या दिवशी बालायान आजारी पडले होते. म्हणजे पाच आठवडे आणि वर एक दिवस.