खेळाच्या आवृत्ति आणि इतिहासकार

खेळालाहि इतिहास असतो, हें ‘बीट सेबर’वरून ध्यानांत येतें. प्राग येथें घडलेला हा खेळ १ मे २०१८ रोजीं लोकांपुढें आला. डोळ्यांवर यंत्र चढवून, समोरून येणारे ठोकळे संगीताच्या तालावर प्रकाशखड्गांनीं छेदावयाचे, एवढेंच त्याचें मूळ रूप. डिसेंबर २०१९ मध्यें ठोकळे चोहोंकडून येणारा प्रकार निघाला व खेळाडूस गिरक्या घेणें भाग पडलें; ऑक्टोबर २०२० पासून दूरदूरचे खेळाडू एकत्र खेळूं लागले. खड्गयुद्धाचें असें समूहनृत्य झालें. परंतु बखरीची नवी नक्कल झाली, तरी जुनी एखाद्या वाड्यांत सांपडे. येथें नवी आवृत्ति बहुधा जुन्या आवृत्तीच्या जागींच बसते. त्या आजच जपून ठेवल्या नाहींत, तर उद्यांच्या इतिहासकारास मूळ पदन्यास कोठें सांपडावा?