फाटलेला आवाज लांब जातो

शनिवारी रात्री लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूने एखादी गाडी काचा खाली करून जाते आणि आतला बेस ऐकून वाटतं, याचा स्पीकर फाटलाय. बऱ्याचदा स्पीकर धडधाकट असतो, गाणंच तसं बनवलेलं असतं. या प्रकाराला रेज रॅप म्हणतात. अटलांटाच्या प्लेबॉय कार्टीचा ‘होल लॉटा रेड’ हा अल्बम २५ डिसेंबर २०२० ला आला. पुढच्या वर्षी ट्रिपी रेडसोबतचं ‘मिस द रेज’ आलं आणि या प्रकाराला नाव मिळालं. भडक सिंथ, फाटलेला बेस, बसलेल्या घशातून काढलेली आरोळी आणि मागून सतत येणाऱ्या हाका. शब्द नीट कळले नाहीत तरी चालतं.

घरातली मोठी माणसं याला गोंगाट म्हणतात. मला मात्र यात आपली एक जुनी युक्ती दिसते.

आधी फाटणं म्हणजे काय ते पाहू. डिजिटल आवाजात लाटेची प्रत्येक क्षणाची उंची एका आकड्यात साठवतात. १६ बिटमध्ये हा आकडा ३२,७६७ च्या वर जाऊच शकत नाही. लाट त्याहून मोठी केली तर तिचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. माथा कापला की मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट वारंवारितेचे नवे सूर जन्माला येतात. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला ५० हर्ट्झचा बेस धड वाजवता येत नाही, पण हे वरचे सूर तो वाजवतो आणि त्यांच्यावरून आपला मेंदू खालचा बेस स्वतःच भरून काढतो. म्हणजे फाडलेला बेस छोट्या स्पीकरमधूनही पोचतो, स्वच्छ बेस वाटेतच मरतो.

शाहिरापुढेही हीच अडचण होती. माइक नाही, समोर उघडं मैदान, हातात डफ, साथीला तुणतुणं. म्हणून तो चढ्या, ताणलेल्या आवाजात गातो. माणसाच्या कानाला साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यातलं सर्वांत तिखट ऐकू येतं आणि ताणून मारलेल्या हाकेतली ताकद याच पट्ट्याकडे सरकते. शाहीर दम घेतो तेव्हा मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ करत जागा भरतात. रॅपमध्ये या कामाला ॲड-लिब म्हणतात.

पण पोवाड्याकडे आवाजाखेरीज आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे तपशील. ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी आणि मावळे सिंहगडावर चढले, त्यावर तुलसीदास शाहिराने पोवाडा रचला. शाहिरांच्या आणि गोंधळ्यांच्या तोंडी असलेले असे पोवाडे ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापून आणले. त्याआधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि राजाकडे शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, आणि गिरणगावातल्या कामगाराला दूरच्या रशियातलं शहर आपलं वाटलं. पुढे मुंबई सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. मोठ्या आवाजाने कुठलं सरकार घाबरत नाही, पण त्या आवाजात कोणाचं नाव घेतलंय याने घाबरतं.

हे अजूनही खरं आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या मराठी रॅपरवर राज्यातल्या सत्तांतराची खिल्ली उडवणाऱ्या गाण्यासाठी गुन्हा दाखल झाला. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने २०१९ मध्ये आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. त्यातही जमीन कोणाची, हा प्रश्न नाव घेऊन विचारलेला आहे.

रेज रॅपमध्ये हा तपशील सहसा नसतो. राग असतो, पण कशाचा ते सांगितलेलं नसतं. याला मी खोटा राग म्हणणार नाही. तळेगाव-चाकण पट्ट्यात कंत्राटावर शिफ्ट करून खोलीवर परतलेल्या पोराला कधीकधी कारण नको असतं, नुसता आवाज हवा असतो. प्रश्न एवढाच, की कारण न सांगता व्यक्त झालेला राग कोणालाही वापरता येतो. तो बंगल्यातल्या पार्टीलाही चालतो आणि जिची जमीन जाऊन तिथे बंगला उभा राहिला, त्या घरातल्या पोराच्या हेडफोनलाही.

आणि मावळाकडे कारणांची कमी नाही. १९२१ च्या रामनवमीला पलीकडच्या मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट ‘सेनापती’ झाले ते तिथे. १९२४ पर्यंत लढा चालला, तरी धरण झालं, पन्नासच्या आसपास गावांची जमीन त्यात गेली आणि वीज मुंबईला मिळाली. ९० वर्षांनी, ९ ऑगस्ट २०११ ला, क्रांतिदिनी, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे मेले, त्यात एक बाई होती.

दोन्ही वेळी झगडा एकाच गोष्टीचा होता. इथल्या डोंगरात पडणारं पाणी कोणाचं?

आज असं गाणं करायला ना राजाश्रय लागतो, ना स्टुडिओ. एक लॅपटॉप, फुकटचं सॉफ्टवेअर आणि एक माइक पुरतो. आवाज कसा फाडायचा हे कामशेत-वडगावच्या पोरांना कोणी शिकवायची गरज नाही. पण पोवाडा रचणारा आधी विचारायचा: कुठे, केव्हा, कोण? मावळाकडे या तिन्हींची उत्तरं आहेत.