सरकारी परवाना आणि डॉक्टर कोटणीस

प्रचारपट म्हटला की सुशिक्षित प्रेक्षकाच्या कपाळी आठी पडते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळी ती पडण्यास पुरेसे कारणही होते. १९४३ साली इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया हे सरकारी खाते निघाले आणि प्रत्येक खेळाबरोबर सरकारमान्य लघुपट दाखविणे थिएटरवाल्यांस सक्तीचे झाले. पुढारी तुरुंगात, बंगालात माणसे अन्नावाचून मरत आहेत, आणि पडद्यावर मात्र साम्राज्याच्या विजयाच्या वार्ता! लोकांनी त्या मनावर घ्याव्या तरी कशा?

कथापटांवरही सरकारची पकड होतीच. कच्ची फिल्म परदेशातून येई; ती कुणास किती द्यावी हे सरकार ठरवी. चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर, म्हणजे सुमारे दोन तासांवर, आणली गेली आणि युद्धप्रयत्नास पोषक चित्रपट काढण्याचा लकडा निर्मात्यांमागे लागला. शांतारामबापूंनी परळला राजकमल कलामंदिर काढले ते १९४२ साली, म्हणजे ऐन या टंचाईत. सरकारच्या फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्डाचे काम त्यांनी काही काळ केलेले असल्यामुळे प्रचार कसा घडतो हे त्यांस आतून ठाऊक होते. युद्धपट हवा ना? त्यांनी निवडले डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

ही निवड आम्हास फार धूर्त वाटते. कोटणीस सोलापूरचे, भिवंडीसारखेच ते मागांच्या खडखडाटाचे गाव. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. तेथेच त्यांनी विवाह केला आणि तेथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा अंत झाला. शत्रू जपानी, म्हणून सरकार संतुष्ट. नायक काँग्रेसचा, म्हणून प्रेक्षक आपला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले होते. पटकथा त्यांनी व वसंत साठे यांनी रचली. नायक स्वतः शांतारामबापू, आणि चिनी पत्नी झाल्या जयश्रीबाई. त्यांचे चिनीपण मानून घ्यावे लागते, हे खरे.

परंतु सरकारला चकविणाऱ्या या चित्रपटाने सत्यासही थोडे चकविले आहे. पडद्यावर साथीच्या रोगाशी झालेली झुंज हा कथेचा कळस. प्रत्यक्षात अपस्माराच्या झटक्यांनी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर गेले. ते माओच्या आठव्या सैन्याबरोबर राबले आणि अखेरच्या वर्षी चिनी कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. पडद्यावरील कोटणीसांची या पक्षाशी ओळख दिसत नाही. साथीची गोष्ट नाट्यासाठी रचली असे समजून सोडून देता येईल. ही दुसरी गाळणी मात्र आमच्या मते अधिक गंभीर आहे, कारण त्या माणसाने जे स्वतः होऊन पत्करले तेच तिने पुसले.

‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ पडद्यावर आली १९४६ साली. जपानने शरणागती पत्करून तोवर काही महिने उलटले होते, आणि ज्या युद्धासाठी सरकारला चित्रपट हवे होते ते युद्धच उरले नव्हते. प्रेक्षक तरीही आले. ते सोलापूरच्या डॉक्टरास पाहावयास आले होते.