पाते तुटते, छंद मात्र सुटत नाही

लाकडाच्या पातळ फळीतून वेलबुट्टी, मोर, देवघराची जाळी किंवा दारावरची नावाची अक्षरे कापून काढणाऱ्या यंत्राला 'स्क्रोल सॉ' म्हणतात. त्याची ठेवण आणि चाल बरीचशी शिलाई यंत्रासारखी असते. शिलाई यंत्रात सुई जागच्या जागी वर-खाली होते आणि वळण कापडाला द्यावे लागते. येथे सुईच्या जागी सुमारे पाच इंच लांबीचे बारीक दातेरी पाते असते आणि कापडाच्या जागी फळी. पाते आपली जागा सोडत नाही, नक्षी हातालाच फिरवावी लागते. दारे, खिडक्या, पलंग किंवा ओट्याखालची कपाटे या यंत्रावर होत नाहीत. त्यामुळे व्यावसायिक सुताराकडे ते क्वचितच दिसते आणि जगभर ते प्रामुख्याने हौशी मंडळींचेच यंत्र राहिले आहे.

नांदेड किंवा लातूरमध्ये हा छंद सुरू करू पाहणाऱ्याची पहिली अडचण नावापासूनच सुरू होते. हार्डवेअरच्या दुकानात विचारणा केली की हातात धरून चालवायचे 'जिगसॉ' मशीन पुढे केले जाते. ते प्लायवूडचा पत्रा कापण्यास उत्तम असले, तरी त्याचे पाते जाड आणि एकाच टोकाला धरलेले असते. स्क्रोल सॉचे पाते वर आणि खाली अशा दोन्ही टोकांना ताणून बसवलेले असते. म्हणूनच ते इतके बारीक ठेवता येते की फळी जागच्या जागी फिरवून मोराच्या तुऱ्याचे टोक साधता येते. हे यंत्र बहुधा मागवूनच घ्यावे लागते. मागवताना ते टाचणीच्या पात्यांचे आहे की साध्या पात्यांचे, हे आधी पाहावे. टाचणीचे, म्हणजे दोन्ही टोकांना आडवी खीळ असलेले पाते बसवणे सोपे, पण त्या खिळीसाठी लाकडाला मोठे भोक पाडावे लागते. बारीक जाळी करायची असेल तर साध्या पात्यांना पर्याय नाही.

या यंत्राचे मूळ हातकरवतीत आहे. घड्याळजी आणि सोनार वापरतात तशी, धनुकलीच्या आकाराच्या चौकटीत ताणलेली बारीक करवत युरोपात सोळाव्या शतकापासून नक्षीकामात रुळली. फ्रान्समध्ये आंद्रे शार्ल बूल (१६४२–१७३२) याने कासवाचे कवच आणि पितळेचे पत्रे अशा करवतीने कापून एकमेकांत बसवले आणि त्या शैलीला त्याचेच नाव मिळाले. लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी याने १७६० च्या दशकात फळीवर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमारेषांवर कापला. मुलांना भूगोल शिकवण्यासाठी केलेले ते तुकडे म्हणजे आजच्या 'जिगसॉ पझल'चे पूर्वज. एकोणिसाव्या शतकात पायाने चालवायची यंत्रे आली आणि ही कला घराघरांत शिरली. विजेची मोटर त्यानंतरची.

मराठवाड्यात पायाच्या यंत्राची आठवण काढण्यास आणखी एक कारण आहे. २००० नंतरच्या दशकात येथील शहरांनी तासन्‌तासांचे भारनियमन सोसले. वीज आजही मध्येच जाते. त्यातल्या त्यात बरी बाब अशी की, स्क्रोल सॉवर काम चालू असताना वीज गेली तर नुकसान होत नाही. पाते लाकडात जेथल्या तेथे थांबते आणि वीज आली की त्याच रेषेवरून पुढे जाता येते.

खरे काम पाते ताणण्यापासून सुरू होते. ताणलेले पाते बोटाने छेडले असता तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ सूर निघाला पाहिजे. सूर बसका असेल तर पाते सैल आहे. सैल पाते लाकडात पोट काढते आणि वरून सरळ दिसणारी कड खालून तिरकी येते. ताण फार झाला तर पाते तुटते. ते तुटतेच, कितीही काळजी घेतली तरी. नवशिक्याची पहिली डझनभर पाती एका रविवारी संपतात. पात्यांना क्रमांक असतात आणि क्रमांक वाढेल तसे पाते जाड होते. सहा मिलिमीटरच्या प्लायवूडसाठी तीन क्रमांकाचे पाते पुरते, जाड सागवानासाठी पाच किंवा सात लागते. पात्याचे दात एका बाजूने किंचित खरखरीत असतात. त्यामुळे फळी नाकासमोर सरळ ढकलली तर काप एका बाजूला सरकतो आणि फळी थोडी तिरपी धरून चालवावी लागते. हे माहीत नसल्याने अनेकांना आपला हातच वाईट असल्याचा ग्रह होतो आणि यंत्र माळ्यावर जाते.

त्राग्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे आतले काप. बाहेरची कड एका दमात कापता येते. जाळीच्या प्रत्येक छिद्रासाठी मात्र आधी बारीक भोक पाडायचे, पाते वरच्या पकडीतून सोडवायचे, भोकातून ओवायचे, पुन्हा आवळायचे, ताण पाहायचा आणि मग कापायचे. साठ छिद्रांची जाळी म्हणजे हा खटाटोप साठ वेळा. एकोणसाठावे छिद्र कापताना दोन छिद्रांमधली काडी तुटली तर माणूस यंत्र बंद करून बराच वेळ गप्प बसतो. आणि तरीही या छंदाचे सुख त्याच कामात आहे. कापाची रेषा सोडून दुसऱ्या कशावर लक्ष गेले की काप चुकतो, म्हणून त्या तासाभरात दुसरे काही मनात येऊच शकत नाही. शेवटचा तुकडा खाली पडतो आणि फळी उजेडासमोर धरली की जाळीतून भिंतीवर नक्षीची सावली पडते. सपाट फळीतून हे निघाले यावर करणाऱ्याचाच विश्वास बसत नाही.

देवनागरी लिपी या यंत्राला विशेष मानवते. इंग्रजी अक्षरे सुटी कापून एकेक चिकटवावी लागतात. देवनागरीत शिरोरेखा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते आणि पूर्ण नाव एकसंध निघते. 'लातूर' हा शब्द असा अखंड कापता येतो. 'नांदेड' कापताना मात्र अनुस्वार सुटून खाली पडतो. तो शोधून पार्श्वफळीवर चिकटवावा लागतो, किंवा आरेखन करतानाच त्याला बारीक पुलाने शिरोरेखेशी जोडावा लागतो. व, ब, क, ष या अक्षरांच्या पोटातली जागा म्हणजे प्रत्येकी एक आतला काप. नावाच्या पाट्या करणाऱ्याने घरमालकाचे आडनाव आधी या नजरेने वाचून घ्यावे.

स्पिल्सबरीच्या धर्तीवर मराठवाड्याचा नकाशा हाही पहिल्या कामासाठी चांगला विषय आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून आणि हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. आज मराठवाड्याचे आठ जिल्हे, म्हणजे आठ तुकडे. त्यांत नांदेडचा तुकडा सर्वांत अवघड. उत्तरेला किनवट-माहूरकडे गेलेला भाग लाकडाच्या रेषांना आडवा आला तर हातात धरतानाच मोडतो. रेषा त्या भागाच्या लांबीने जातील अशी फळी आधीच फिरवून घेतली तर तो टिकतो. प्लायवूडमध्ये रेषांचे थर एकमेकांना आडवे असल्याने ही चिंता नसते. मात्र त्यातील सरसाने पाते लवकर बोथट होते.

लाकडाच्या बाबतीत या दोन जिल्ह्यांचे नशीब वेगवेगळे. नांदेडच्या किनवट तालुक्यातील जंगल सागासाठी ओळखले जाते. लातूरच्या वाट्याला फारसे जंगल आलेले नाही. साग टिकाऊ, सरळ रेषांचा आणि देखणा असला तरी त्यात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो आणि तो पात्याची धार झपाट्याने खातो. साग परवानाधारक वखारीतून पावतीसह घेणेच योग्य. या छंदाला लागते तरी किती? फर्निचरवाल्याकडे उरलेले वीतभर तुकडे महिनाभर पुरतात. बाभळीचे लाकूड दोन्हीकडे मिळते. तिफण, वखर आणि बैलगाडीसाठी सुतारांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले, पण ते इतके चिवट आहे की बारीक पात्याचा त्यापुढे निभाव लागत नाही. कडुनिंब आणि आंबा तुलनेने सोपे जातात.

लातूरकडे वेगळे धन आहे, जुने लाकूड. या भागात सागाचे खांब आणि तुळया उभारून त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर देण्याची, म्हणजे माळवदाची घरे बांधण्याची रीत होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या जाड भिंती आणि छतांचा हा भार हजारो माणसांच्या जिवावर उठला. त्यानंतर माळवद मागे पडले आणि सिमेंटचे स्लॅब आले. जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यातील तुळया वखारीत येतात. अनेक दशके वाळलेले ते लाकूड आता वाकत नाही, पिळत नाही, आणि फळ्या चिरून घेतल्या की आतून मधासारखा रंग निघतो. मात्र त्यात जुने खिळे दडलेले असतात. फळीवरून आधी लोहचुंबक फिरवून घ्यावा. तुळईचा इतिहास विचारला तर वखारवाला सांगतोही. तो ऐकल्यावर तिची चावी अडकवायची पाटी करावी की नाही, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा.

हवामान हा या छंदातला अबोल भागीदार. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी होते आणि लाकूड आकसते. पावसाळ्यात ते फुगते. मे महिन्यात प्लायवूडच्या चौकटीत नेमके बसवलेले सागाचे कोडे श्रावणात चौकटीतून निघता निघत नाही. पातळ फळी एका बाजूने ओल धरून पन्हळीसारखी वाकते. म्हणून चौकटीत कागदाच्या जाडीएवढी सूट ठेवावी आणि पॉलिश दोन्ही बाजूंनी करावे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आवाजाची धास्ती असते. तो शिलाई यंत्राहून थोडा अधिक, पण दुपारी खपून जाण्याजोगा. खरी काळजी भुशाची. हा भुसा पिठासारखा बारीक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला. तो धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षे कारखान्यात काम करणाऱ्यांचा असला, तरी शिसमासारख्या लाकडाने हौशी माणसालाही शिंका आणि खाज सुटते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, नीट बसणारा मास्क हवा.

नांदेडहून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेले तेलंगणातील निर्मल हे लाकडी खेळण्यांचे गाव या छंदाच्या माणसाने एकदा पाहावे. १९४८ पर्यंत मराठवाडा आणि निर्मल एकाच निजामी राज्यात होते. तेथील कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडातून फळे, पक्षी आणि प्राणी घडवतात. या लाकडाचा तुटवडा त्यांना अनेक वर्षे भेडसावतो आहे. तेथे यंत्रापेक्षा हाताचे काम अधिक दिसते आणि रंगाआधी लाकूड घासण्यात किती वेळ जातो, हेही कळते.

राहिला प्रश्न लेसरचा. राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली आणि गणपतीच्या मखरासाठी पुठ्ठा, प्लायवूड आणि एमडीएफ पुढे आले. लेसर यंत्र साठ छिद्रांची जाळी काही मिनिटांत कापते, काडी तोडत नाही आणि दहावे मखर पहिल्यासारखेच काढते. वेगात किंवा किमतीत स्क्रोल सॉ त्याच्यापुढे टिकणार नाही आणि विकण्यासाठी मखरे करू पाहणाऱ्याने या छंदाच्या वाटेस न गेलेले बरे. लेसरने कापलेली कड मात्र जळून काळी होते. करवतीची कड लाकडाच्या रंगाची राहते. घरच्या गणपतीपुढे हाताने कापलेली जाळी लावायची असेल, तर आरेखन ज्येष्ठातच फळीवर चिकटवावे. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली की पाते तापत नाही आणि काप करपत नाही. रोज चार छिद्रे कापली तरी साठ छिद्रांना पंधरा दिवस लागतात. घासणे, पॉलिश आणि एखादी तुटलेली काडी सरसाने जोडणे यांसाठी आषाढ हाताशी राहतो, आणि पात्यांचे एक जादा पाकीट आधीच आणून ठेवलेले बरे.