बोर्दोची १८५५ ची प्रतवारी आणि यादीच्या शेवटचें एक नांव

फ्रान्स देशांतील बोर्दो शहराच्या व्यापारी मंडळानें १८५५ सालीं पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनाकरितां आपल्या प्रांतांतील द्राक्षासवांची जी प्रतवार यादी पाठविली, ती त्या पेयाच्या रसिकांस सुपरिचित आहे. आम्हांस पेयाशीं कर्तव्य नाहीं. परंतु ही यादी ज्या रीतीनें सिद्ध झाली व तींत मागाहून ज्या एका नांवाची भर पडली, तो प्रकार जुने कागद पारखणारांस विचार करण्यासारखा वाटल्यावांचून राहणार नाहीं.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. ही प्रतवारी चाखून ठरविलेली आहे असें पुष्कळांस वाटतें, तसें नाहीं. मंडळानें ५ एप्रिल रोजीं शहरांतील दलालांच्या संघाकडे मागणी केली आणि १८ एप्रिलचें उत्तर यादीसह आलें. अवघ्या तेरा दिवसांत कोण किती चाखणार? दलालांनीं आपलीं दफ्तरें पाहिलीं. ज्या मळ्याच्या मालास वर्षानुवर्षें चढा भाव मिळत आला तो वरच्या वर्गांत, असा साधा हिशेब होता. तांबड्या आसवांचे पांच वर्ग झाले. पहिल्या वर्गांत लाफीत, मार्गो, लातूर (आपल्या लातुराशीं याचा नामसादृश्यापलीकडे संबंध नाहीं) आणि ओ-ब्रियाँ हे चार मळे आले. अमेरिकेच्या जेफरसननें १७८७ च्या प्रवासांत याच चौघांस अग्रस्थान दिलें होतें, व १८१५ सालीं गीयोम लॉटन या दलालानेंही अशीच एक प्रतवारी लिहून ठेविली होती. सारांश, १८५५ ची यादी म्हणजे जुन्या वहिवाटीची नक्कल होय.

आतां त्या शेवटच्या नांवाकडे वळूं. मूळ लेखांत पांचव्या वर्गाच्या तळाशीं ‘कांतमेर्ल’ हें नांव निराळ्या हातानें लिहिलेलें आहे. आमच्यासारख्या पोथ्या चाळणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: निराळें हस्ताक्षर, शेवटची ओळ, तेव्हां प्रक्षेप! परंतु येथें हा न्याय लागू पडत नाहीं. कांतमेर्लचा मळा व्हिलनव्ह-द्यूरफोर घराण्याकडे होता, आणि त्या घराण्याचा शिरस्ता आपला माल बोर्दोच्या दलालांस वगळून थेट डच व्यापाऱ्यांस विकण्याचा होता. जो माल दलालाच्या वहींतून गेलाच नाहीं, त्याचा भाव त्या वहींत कोठून सांपडणार? मळ्याची मालकीण कारोलीन हिनें घरच्या विक्रीचे अनेक वर्षांचे कागद पुढें करून आपल्या मालास पांचव्या वर्गास साजेसा भाव मिळत असल्याचें दाखवून दिलें. दलालांस तें मान्य करावें लागलें आणि प्रदर्शन चालू असतांनाच, सप्टेंबर महिन्यांत, नांव चढलें. म्हणजे ज्या नांवाचा आपण प्रथमदर्शनीं संशय घेतों, त्याच्याच मागें खास सादर केलेला कागदोपत्रीं पुरावा उभा आहे.

यावरून यादीचें खरें स्वरूप उघड होतें. ती उत्तम आसवांची यादी नसून दलालांच्या हातून गेलेल्या उत्तम आसवांची यादी आहे. हा भेद न ओळखतां तिच्या आधारें त्या काळच्या गुणवत्तेचा इतिहास लिहूं जाणें म्हणजे एका पेठेच्या बाजारनिरखावरून सबंध परगण्याचें पीक ठरविण्यासारखें आहे. कारोलीनबाईंजवळ कागद होते व ते घेऊन जाण्याची हिंमत होती. मेदोक भागांत त्यांच्याखालीं लहान मळेवाल्यांचा मोठा समाज होता. व्यापाऱ्यांच्या भाषेंत त्यांचे ‘बूर्ज्वा’, ‘आर्तिझां’ म्हणजे कारागीर आणि ‘पेझां’ म्हणजे शेतकरी असे उतरते थर होते. त्यांपैकीं कोणाचेंही नांव १८५५ च्या यादींत असणें संभवतच नव्हतें.

बूर्ज्वा मळ्यांची पहिली यादी १९३२ मध्यें झाली. तींत ४४४ नांवें होतीं, आणि तीही दलालांनींच केली. पुढें वहीऐवजीं जिभेची साक्ष घेण्याचें ठरलें. २००३ सालच्या निवडींत ४९० अर्जदारांपैकीं २४७ स्वीकारले गेले. परंतु परीक्षकांपैकीं कांहींचे हितसंबंध गुंतलेले असल्याची तक्रार न्यायालयांत टिकली व २००७ मध्यें ती सारी निवड रद्द झाली. वही पक्षपात करीत नाहीं, पण ती अपुरी असते. जीभ सर्वांस सारखी पोंचते, पण ती कोणाच्या मुखांत आहे हें पाहावें लागतें. (आमच्या मतें दोहोंत वहीचा दोष शोधून काढणें सोपें, कारण ती मागें उरते.) त्यानंतर २००८ च्या हंगामापासून मळ्याचें नांव झांकून चाखण्याची पद्धत सुरू झाली. २०२० मध्यें २४९ मळ्यांस तीन पायऱ्यांवर मान्यता मिळाली, ती पांच वर्षांपुरतीच.

उलट १८५५ ची यादी जवळजवळ जशीच्या तशी आहे. कांतमेर्लनंतर तींत वर्गाचा असा एकच फेरबदल झाला: १९७३ मध्यें मूतों-रोथशिल्ड दुसऱ्या वर्गांतून पहिल्यांत चढला, व तो शेतकी मंत्र्याच्या आज्ञापत्रानें.